समोर माणूस बसवा: घरच्या घरी व्यक्तिचित्र शिकणाऱ्यांसाठी

आजी गेली तेव्हा तिचा एकच धड फोटो घरात होता, मतदार ओळखपत्रावरचा. बाराव्याच्या आत फ्रेम हवी म्हणून आम्ही तो मोठा करायला दिला. फ्रेम आली, हार घातला, आणि मग माझ्या लक्षात आलं की तिच्या भुवयांच्या मधलं आणि हनुवटीवरचं गोंदण गायब आहे. फोटो साफ करणाऱ्याने ते डाग समजून पुसून टाकलं होतं. सुरकुत्याही गेल्या होत्या. भिंतीवर एक गोरी, गुळगुळीत म्हातारी होती आणि पाहुणे तिला नमस्कार करत होते.

त्याच आठवड्यात मी भाच्याची चित्रकलेची वही घेऊन बसले. तेव्हा मी एकतीस वर्षांची होते. शाळेत एलिमेंटरीची परीक्षा दिली होती, तेवढंच माझं शिक्षण. ती वही उघडली त्याला आता नऊ वर्षं झाली. मी साताऱ्यात पिग्मी, म्हणजे लोकांची रोजची थोडीथोडी बचत, गोळा करते. मोती चौकापासून राजवाड्यापर्यंत रोज त्याच दुकानांच्या पायऱ्या चढायच्या, त्याच हातगाड्यांपाशी थांबायचं, तेच चेहरे बघायचे. शिकले ती या चेहऱ्यांकडून आणि थोडी जुन्या चित्रकारांची मूळ चित्रं बघून. ज्यांना कलामहाविद्यालयात जायला जमलं नाही, पण कोणाचा तरी चेहरा कागदावर उतरवायची ओढ आहे, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. माझी पद्धत एकमेव नाही, पण मी तिच्यातून शिकले हे नक्की.

सामान थोडंच लागतं

एचबी, टूबी, फोरबी आणि सिक्सबी अशा चार पेन्सिली, एचबी सगळ्यात फिकी आणि सिक्सबी सगळ्यात गडद. साधं खोडरबर आणि मऊ, मळता येणारं एक रबर. हे दुसरं कणकेसारखं टोक काढून वापरता येतं आणि कागद खरवडत नाही. कार्ट्रिज पेपरची, म्हणजे चित्रकलेच्या जाड कागदाची वही, परीक्षेला नेतो तसला क्लिपचा पॅड, आणि पेन्सिल तासायला कटर. शार्पनरने टोक आखूड निघतं. कटरने लाकूड लांब तासा, शिसं बोटाच्या पेरभर बाहेर काढा आणि पॉलिश पेपरवर घासून टोक करा. मग त्याच पेन्सिलीने बारीक रेघही येते आणि आडवी धरली की रुंद छटाही. चाळीस पेन्सिलींचा डबा घेऊ नका. त्या पैशांत वह्या घ्या, पहिल्या वर्षात तीन-चार संपल्या पाहिजेत.

उजेड मात्र नीट निवडा. एका खिडकीचा, एका बाजूने येणारा. डोक्यावर ट्यूबलाइट असेल तर ती बंद करा. चेहऱ्याची एक बाजू उजळ आणि दुसरी सावलीत गेली की नाक, गाल, हनुवटी यांचे आकार आपोआप दिसायला लागतात. सगळीकडून उजेड पडला तर चेहरा सपाट दिसतो आणि नवशिक्या माणसाला हातात धरायला काही मिळत नाही.

पहिला चेहरा स्वतःचा

आरशासमोर बसा. हा माणूस केव्हाही मोकळा असतो आणि चित्र बिघडलं म्हणून नाराज होत नाही. व्हिन्सेंट व्हॅन गॉगकडे पॅरिसमध्ये मॉडेलला द्यायला पैसे नसायचे, म्हणून तो स्वतःलाच रंगवत राहिला. त्याची पस्तीसच्या आसपास आत्मचित्रं आहेत आणि तोही बराचसा स्वतःच शिकलेला होता.

सुरुवातीला डोळ्यांकडे जाऊ नका. सगळे तिथूनच सुरू करतात. एक सुंदर डोळा काढतात, दुसरा त्याच्या जोडीला बसवतात, आणि मग उरलेला चेहरा त्या दोन डोळ्यांभोवती कोंबतात. आधी डोक्याचा पूर्ण आकार, केसांसकट, हलक्या एचबीने. मान कुठे सुरू होते, खांदे किती उतरते आहेत, हे त्याच वेळी. ओळखीचा माणूस आपण लांबून, पाठमोराही ओळखतो. म्हणजे ओळख डोळ्यांच्या आधीपासूनच सुरू झालेली असते.

आता मोजमाप. डोक्याच्या वरच्या टोकापासून हनुवटीपर्यंतच्या अंतराच्या बरोबर मध्ये डोळे येतात. हे पहिल्यांदा कोणालाच पटत नाही. सगळे डोळे वर काढतात आणि कपाळ बोटभर होतं, कारण आपलं लक्ष डोळे-नाक-तोंडाकडे असतं आणि केसांखालची कवटी आपण हिशेबात धरत नाही. स्वतःवर बोटाने मोजून बघा. दोन डोळ्यांमध्ये साधारण एका डोळ्याइतकी जागा. भुवयांपासून हनुवटीपर्यंतच्या मध्यावर नाकाचा तळ. ओठांची मधली रेघ नाकाच्या तळापासून हनुवटीपर्यंतच्या अंतरात वरून एक तृतीयांशावर. मान सरळ असेल तर कान भुवई आणि नाकाचा तळ यांच्या दरम्यान.

ही मापं पाठ करा आणि मग समोरचा माणूस त्यांच्यापासून कुठे वेगळा आहे ते शोधा. लहान मुलाचे डोळे मध्याच्या खाली असतात. दात गेलेल्या म्हाताऱ्या माणसाची हनुवटी नाकाकडे सरकलेली असते, खालचा भाग आखूड होतो. माझ्या आजीचं तोंड मी दोन वर्षं चुकीच्या जागी काढत होते, कारण मापं तरुण माणसाची लावत होते.

मोजायला पेन्सिलच पुरते. हात सरळ ताठ करा, कोपर वाकवू नका, एक डोळा मिटा. पेन्सिलीचं टोक एका खुणेवर आणि अंगठ्याचं नख दुसऱ्या खुणेवर ठेवून अंतर धरा. ‘डोळ्याची रुंदी नाकाच्या लांबीत किती वेळा बसते?’ असे प्रश्न विचारत जा. दुसरं साधन गवंड्याचं, ओळंबा. दोऱ्याला एखादा नट बांधून चेहऱ्यासमोर धरा. डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यातून दोरा खाली सोडला की नाकपुडीच्या कडेला लागतो का, आत जातो, की बाहेर राहतो? ओठांचा कोपरा बुबुळाखाली येतो की अलीकडेच थांबतो? मान थोडी कललेली असली की हे सगळं बदलतं, आणि तिथेच अंदाजाने काढणारा फसतो. माझ्या पिग्मीच्या पिशवीत दोरा आणि नट कायम असतो.

सावली दोनच भागांत

आकार बसला की लगेच शेडिंगला भिडू नका. आधी डोळे किलकिले करा. बारकावे पुसट होतात आणि चेहरा दोन भागांत पडतो: उजेडाचा आणि सावलीचा. या दोघांमधली सीमा हलक्या रेघेने काढा. कपाळाच्या वळणावरून ती खाली येते, डोळ्याच्या खोबणीत शिरते, गालाच्या हाडावरून बाहेर येते, ओठांच्या कडेने हनुवटीवर उतरते. सावलीचा सगळा भाग टूबीने एकसारखा भरून टाका. एवढ्यावरच, डोळ्यांत बुबुळं नसतानाही, माणूस दिसायला लागला पाहिजे. दिसत नसेल तर चूक आकारात आहे. ती शेडिंगने झाकली जात नाही. रबर घ्या आणि मागे जा.

माणूस दिसला की पुढच्या छटा. डोळ्याचा पांढरा भाग पांढरा नसतो. वरच्या पापणीची सावली त्यावर पडलेली असते. वरचा ओठ बहुतेक वेळा खालच्यापेक्षा गडद, कारण तो खाली कललेला असतो. दात एकेक काढू नका, नाहीतर हसणारा माणूस दात विचकतोय असं वाटतं. केस म्हणजे हजार रेघा नव्हेत. तेल लावून घट्ट बांधलेल्या अंबाड्यावर उजेडाचा एक पट्टा असतो. तो पट्टा नीट सोडला की केस झाले.

आपल्याकडच्या चेहऱ्यांवर काही गोष्टी अशा असतात ज्या बाहेरच्या व्हिडिओंमध्ये कोणी शिकवत नाही. कुंकू समोरून गोल दिसतं, पण चेहरा थोडा वळला की ते लंबगोल होतं, कारण कपाळ वळलेलं असतं. नवीन माणूस तिथेही गोलच काढतो आणि मग कपाळाला भोक पडल्यासारखं दिसतं. शिवाय कुंकू पेन्सिलीत काळं कुळकुळीत करू नका. डोळ्यातल्या बुबुळापेक्षा ते फिकं ठेवा, नाहीतर बघणाऱ्याची नजर तिथेच अडकते. नथीची सावली ओठावर आणि गालावर पडते, ती काढली तरच नथ नाकात अडकलेली वाटते. डोक्यावरच्या पदराची कड कपाळावर एक मऊ सावली टाकते, त्या सावलीत चेहऱ्याचा निम्मा गोडवा असतो. गांधी टोपीची कड सरळ पट्टीने आखल्यासारखी काढू नका. ती डोक्याला वेढा घालून मागे जाते. आणि जाड चष्मा असेल तर काचेच्या आत नीट बघा: लांबचं न दिसणाऱ्याच्या चष्म्यात गालाची कड आत सरकलेली दिसते, जवळचं न दिसणाऱ्याच्या चष्म्यात बाहेर. ती तशीच काढली की तो चष्मा त्याच माणसाचा होतो.

सुरकुत्यांबद्दल थोडं जास्त सांगते. सुरकुती म्हणजे रेघ नव्हे, ती घडी आहे. एका बाजूला उजेड, खोलीत सावली. रेघा ओढल्या तर म्हातारं माणूस चिरा पडलेल्या भांड्यासारखं दिसतं. घडीची एकच बाजू हलकी गडद करा, दुसरी कागदावर सोडा. आणि कापसाने, टिश्यूने सगळा चेहरा घासून गुळगुळीत करायची सवय लावून घेऊ नका. हल्ली तसं चित्र लोकांना लगेच आवडतं, ‘अगदी फोटोसारखं’ म्हणतात. कोल्हापूरला चंद्रकांत मांडरे कलासंग्रहालयात जाऊन त्यांचं पावडर शेडिंग बघा, म्हणजे पावडर घासून काढण्यातही केवढी शिस्त असते ते कळेल. आपण नवशिके घासतो ते बहुतेक वेळा चूक लपवायला. आजीच्या फोटोचं जे झालं तेच मग आपल्या हातून दुसऱ्याच्या आजीचं होतं.

माणूस समोर बसवताना

महिन्याभराने आरसा सोडा आणि घरातल्या माणसाला बसवा. वीस मिनिटांपेक्षा जास्त नको. त्याला पाठ टेकू द्या, टीव्ही बंद करा पण बोलू द्या. बोलणाऱ्याचा चेहरा हलतो हे खरं, पण गप्प बसवलेल्याचा चेहरा मरतो. बोलत असेपर्यंत डोक्याचा आकार, कपाळ, कान, मान करून घ्या. तोंड शेवटी, तो दमून शांत झाल्यावर.

बाहेरच्या माणसाला विचारल्याशिवाय काढू नका. मी आधी माझी वही दाखवते, त्यांच्या शेजारच्या दुकानातल्या माणसाचं चित्र दाखवते, आणि मग विचारते, “मावशी, तुमचं काढू का? दुपारी गिऱ्हाईक नसताना येते.” नाही म्हणाल्या तर विषय संपला. हो म्हणाल्या तर बहुतेक जणी आधी पदर नीट करतात, केसांवरून हात फिरवतात. तेवढं करू द्या. मग पाच मिनिटांत त्या पुन्हा नेहमीसारख्या होतात, तेव्हा पेन्सिल उचला.

चित्र मध्येच तपासायचे तीन मार्ग आहेत. वही उलटी धरा. वाकडं असेल ते लगेच दिसतं. आरशात बघा, एक डोळा वर गेला असेल तर तिथे लपत नाही. आणि दहा फूट मागे जा. तिथून ओळख पटत असेल तर जवळचे दोष माफ आहेत.

फोटोवरून काढायची वेळ येतेच

गेलेल्या माणसाचं चित्र काढून द्या, अशी मागणी तुमच्याकडे वर्षभरात येईलच, आणि सोबत आधार कार्डाची झेरॉक्स. लगेच हो म्हणू नका. घरच्यांकडे लग्नातले, जत्रेतले, कडेला उभे असलेले फोटो मागा, कितीही धूसर असले तरी. एकात कान दिसतो, एकात हसताना गाल कसा वर जायचा ते कळतं. मुलगा किंवा बहीण सारखी दिसत असेल तर तिला खिडकीशी बसवून सावली कशी पडते ते बघा. आणि घरच्यांना विचारा, “अंगावरची कुठली खूण राहायलाच हवी?” तीळ, व्रण, गोंदण, पडलेला दात. उत्तर देताना माणसं रडतात. घाई करू नका, ऐकून घ्या.

जिवंत माणसाचा फोटो स्वतः घेणार असाल तर मोबाइल तोंडाजवळ नेऊ नका. जवळून घेतलेल्या फोटोत नाक मोठं आणि कान मागे गेलेले दिसतात. पाच-सहा फुटांवर उभं राहून थोडा झूम करा, फ्लॅश नको, कॅमेरा डोळ्यांच्या उंचीवर. चौकटी आखून काढायची पद्धत, जी भिंती आणि पाट्या रंगवणारे वापरत आले, ती अशा कामाला चालते. रोजच्या सरावाला मात्र ती वापरू नका. हात तयार होतो, नजर होत नाही.

कोणाची चित्रं बघायची

मोबाइलवर नाही, मूळ बघा. साताऱ्याच्या लोकांना औंध जवळ आहे. तिथलं श्री भवानी संग्रहालय औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी १९३८ साली उभारलं, त्यात राजा रविवर्म्यांची मूळ तैलचित्रं आहेत. मी पहिल्यांदा गेले तेव्हा चित्रापासून वीतभर अंतरावर अर्धा तास उभी होते. कॅलेंडरवर जे गुळगुळीत दिसतं ते जवळून ब्रशचे वेगवेगळे फटकारे असतात, त्वचेत हिरवट आणि तांबूस रंग शेजारी शेजारी असतात. रविवर्म्यांना (१८४८–१९०६) तैलरंग कोणी रीतसर शिकवले नाहीत. त्रावणकोरच्या दरबारात आलेल्या थिओडोर जेन्सन या चित्रकाराला काम करताना बघून त्यांनी ते उचलले. कोल्हापूरचे बाबुराव पेंटर (१८९०–१९५४) हेही चित्रकला आणि शिल्पकला स्वतःच शिकले, नात्याने भाऊ असलेल्या आनंदराव पेंटरांबरोबर नाटक कंपन्यांचे पडदे रंगवले आणि मग सिनेमाकडे वळले. घरी शिकणाऱ्याने ही नावं जवळ ठेवावीत, धीर येतो.

पुण्याच्या बालगंधर्व रंगमंदिरात गोपाळ देऊसकरांनी काढलेली बालगंधर्वांची दोन चित्रं आहेत, एक पुरुषवेशातलं आणि एक स्त्रीभूमिकेतलं. चेहरा एकच, पण मानेचा कल आणि खांदे बदलल्यावर माणूस किती बदलतो हे शिकायला यापेक्षा चांगला धडा मला माहीत नाही. नाटकाला जाल तेव्हा अर्धा तास आधी जा. गोव्यात पणजीला फुंदासाव ओरिएंत या पोर्तुगीज संस्थेकडे चित्रकार ए. एक्स. त्रिंदाद (१८७०–१९३५) यांच्या चित्रांचा संग्रह आहे. मुंबईत जहांगीर आर्ट गॅलरीत तर कायम काही ना काही चालू असतं.

आणि हातात समई धरलेली ती बाई, जिच्या बोटांमधून उजेड झिरपतो? अनेक घरांत ते रविवर्म्याचं म्हणून लावलेलं असतं. ते सावंतवाडीच्या एस. एल. हळदणकरांचं आहे, जलरंगातलं, रविवर्मा गेल्यावर जवळजवळ चार दशकांनी झालेलं, आणि मूळ चित्र म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे. समोर त्यांची स्वतःची मुलगी उभी होती. एवढं गाजलेलं चित्र घरातल्या माणसावर बेतलेलं आहे, हे कळलं त्या दिवशी मी माझ्या बहिणीला मेणबत्ती घेऊन अंधारात उभं केलं. चित्र जमलं नाही, पण ज्योतीच्या उजेडात सावल्या वर जातात हे त्या रात्री कळलं.

एक काम ठरवा

नुसता सराव फार दिवस टिकत नाही. पुढ्यात एक ठरलेलं काम हवं: आपल्या गल्लीतली तीस माणसं, घरातल्या सगळ्या आत्या, गावातले सगळे वाजंत्री. एम. व्ही. धुरंधरांनी मुंबईच्या रस्त्यावरची रोजची माणसं काढली, ती पोस्टकार्डांवर छापली गेली आणि आज त्यांतूनच ते शहर आपल्याला दिसतं. माझं काम पिग्मीच्या वहीतून निघालं आहे. माझी एकशे बारा खाती आहेत, एकशे बारा चेहरे. आजवर एकेचाळीस झाले. प्रत्येक चित्राच्या मागे तारीख, वेळ आणि उजेड कुठल्या बाजूने होता ते लिहिते. तुम्हीही लिहा, सहा महिन्यांनी उपयोगी पडतं. सगळे झाले की ते गॅलरीत नेण्याआधी मंडईतच दोरीला चिमटे लावून टांगायचे आहेत, ज्यांचे आहेत त्यांच्यासमोर. त्यानंतर तैलरंग. काळा, पांढरा, पिवळी माती आणि एक लाल, एवढ्याच रंगांनी सुरुवात करणार आहे, कारण आपल्याकडच्या सावळ्या कातडीत किती रंग असतात ते मला नीट बघायचं आहे.

आजीचं चित्र मी आठवेळा काढलं. शेवटच्यात हनुवटी बसली. गोंदण मी सगळ्यात शेवटी केलं, सिक्सबीने नाही, एचबीने, अगदी हलकं, कारण ते कातडीच्या वर नसतं, आत असतं. ठिपके ठेवून झाल्यावर मळता येणारं मऊ रबर त्यांच्यावर एकदाच टेकवलं. आईने बघितलं आणि खुर्ची ओढून भिंतीवरची फ्रेम उतरवायला घेतली.